चाप जड आहे, स्प्रिंग घासून घेऊ का?

प्रश्न : माझा गलाईचा व्यवसाय आहे. सोनं घेऊन रात्री-अपरात्री प्रवास होतो, म्हणून परवाना काढून 0.32 चं छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं. हॅमर मागे न ओढता थेट चाप दाबायचा तर फार जोर लागतो, हात हलतो. ओळखीचा लेथवाला म्हणतो, स्प्रिंग घासून मऊ करून देतो. द्यावं का? – एक वाचक, विटा

उत्तर : नका देऊ, भाऊ. फौजेत आर्मरर म्हणून माझी सगळी नोकरी हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेली, आता साताऱ्यात असतो. हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा लोक विचारतात.

थेट चाप दाबता तेव्हा तुमचं एकच बोट काडतुसं भरायचा सिलिंडर फिरवतं आणि हॅमर, म्हणजे मागचा घोडाही मागे नेऊन सोडतं. ओढ लांब आणि जड असते ती त्यामुळे. आता तो हॅमर काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाशी असलेल्या, फटक्याने पेटणाऱ्या टोपीवर आदळतो तो त्याच स्प्रिंगच्या जोरावर. ती घासली की बोटाला सुख मिळतं, पण फटका कमी पडतो. मग चाप ओढला की नुसता 'टक्' आवाज येतो. काडतूस काढून बघावं तर प्रायमरवर उथळशी खूण, बार झालेलाच नाही. एका डब्यातली काडतुसं उडतील, दुसऱ्या डब्यातली अडतील. रात्रीच्या प्रवासात तुमच्याकडे कुठली असतील?

मागे ओढलेला हॅमर ज्या खाचेवर अडून राहतो, ती पॉलिश करणं तर याहून वाईट. तिची कड गोल झाली की चढवलेला हॅमर धक्क्यानेही सुटू शकतो. कमरेला लावायच्या हत्याराला ती जड ओढच राखण असते.

शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे हत्यार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. लेथवाला गोत्यात येईल आणि तुमचा परवानाही.

आधी परवानाधारक विक्रेत्याकडून आतली साफसफाई करून घ्या. साठलेलं ग्रीस घट्ट झालं की नवं हत्यारही जड चालतं. मग घरी सराव करा. सिलिंडर रिकामा आहे हे दोनदा बघायचं, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, आत डमी काडतुसं आणि नळी जाड दगडी भिंतीकडे. बोटाचं टोक नको, पहिल्या पेराचा सांधा चापावर ठेवा, जोर कमी लागल्यासारखा वाटेल. नळीवर पुढच्या माशीमागे, म्हणजे नेम धरायच्या टोकामागे, रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढा. एका झटक्यात नको, सलग आणि सरळ मागे. हॅमर पडला तरी नाणं राहिलं पाहिजे.

महिनाभर रोज थोडं करूनही हात हलत असेल, तर रिव्हॉल्व्हरची मूठ तुमच्या पंजाला लहान पडतेय का हे त्याच विक्रेत्याकडून तपासून घ्या. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये बऱ्याचदा दोष चापाचा नसतो, मुठीचा असतो.