ऑलिम्पियाडसाठी क्लास लावायलाच हवा का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. पाचवीत शिष्यवृत्ती मिळाली होती, गणित मनापासून आवडतं. सर म्हणतात ऑलिम्पियाडला बसवा, पण बार्शीत तसा क्लास नाही आणि ऑनलाइनची फी आम्हाला झेपत नाही. घरच्या घरी काय करता येईल?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, क्लास नसला तरी तयारी होते, अगदी नीट होते. आधी एवढंच बघा की फॉर्म कुठल्या परीक्षेचा आहे, कारण ऑलिम्पियाड नावाच्या बऱ्याच खाजगी परीक्षा असतात, चार पर्यायातला एक निवडायचा, त्यांचा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला जाणाऱ्या देशाच्या टीमशी काही संबंध नाही. टीमकडे जाणारी वाट म्हणजे आधी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, तीन तासात 30 प्रश्न, मग आरएमओ म्हणजे विभागीय ऑलिम्पियाड, मग आयएनएमओ म्हणजे राष्ट्रीय ऑलिम्पियाड, मग निवडलेल्यांचा प्रशिक्षण कॅम्प, आणि शेवटी टीममध्ये सहा मुलं. आयओक्यूएमला नुसतं उत्तर चालतं, पुढे मात्र पूर्ण सिद्धता लिहावी लागते. कॅल्क्युलस लागत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वेबसाइटवर जुने पेपर फुकट आहेत, ते प्रिंट काढून द्या. पुस्तक एकच घ्यायचं तर ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’, इंग्रजीत आहे आणि आठवीला जड जाईल, पण घाई नकोच, दोन-तीन वर्षं पुरतं.

आज रात्री तिला हे द्या : कुठल्याही पाच पूर्णांक संख्या घेतल्या तर त्यातल्या तीन अशा निवडता येतातच की त्यांची बेरीज 3 ने विभाज्य असते, का? ती आधी आकडे घालून बघेल, घालू द्या, मग कधीतरी लक्षात येईल की 3 ने भागल्यावर बाकी 0, 1 किंवा 2 च उरते, तिन्ही प्रकार असतील तर प्रत्येकातली एक घ्यायची, आणि एखादा प्रकार नसेलच तर पाच संख्या दोनच प्रकारात बसल्या, म्हणजे एकात निदान तीन आल्या, त्या घ्यायच्या, झालं. हे तुम्ही सांगू नका हं! दोन दिवस लागू देत, आठवडा लागू दे, उत्तर लगेच दाखवलं की सगळी मजा गेली आणि सरावही गेला. सुटलं की वहीत पूर्ण वाक्यात लिहायला लावा आणि सरांना वाचायला द्या, पायरी सुटली असेल तर त्यांच्या लगेच लक्षात येईल.

पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये ऑलिम्पियाडचं मार्गदर्शन असतं, त्यांना विचारून ठेवा.

आणि भूमितीसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहावीचं गणित भाग 2 आणा, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते, त्यातला वर्तुळाचा धडा, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका सगळं, प्रत्येक प्रमेय आधी स्वतः सिद्ध करून बघायचं आणि मगच पुस्तकातलं वाचायचं.