काल नेवऱ्या (करंज्या) केल्या, मग आज कप का उचलत नाही?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. पण समुपदेशनासाठी माझ्याकडे वेळ मागितली ती नवऱ्याने.

"मॅडम, चवथीच्या आदल्या रात्री बारापर्यंत ही नेवऱ्या करत होती. सकाळी म्हणते, चहाचा कप धरवत नाही. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवतो, गोळ्या चालू आहेत, रक्ताचा रिपोर्टही बरा. मग हे मनाचे खेळ तर नाहीत ना?"

हे असं विचारणारी माणसं वाईट नसतात. हाताला प्लास्टर असतं तर त्याने नेवऱ्या करूच दिल्या नसत्या.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटं तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेली असतात. दुखणं चढतं, उतरतं. औषधाने सूज आटोक्यात आली, ती सूज दाखवणारे रक्तातले आकडे, ईएसआर आणि सीआरपी, खाली आले, तरी थकवा मागे राहू शकतो, आणि तो रात्रभर झोपूनही जात नाही. म्हणजे रिपोर्ट चांगला आणि माणूस आडवा, हे एकाच दिवशी खरं असू शकतं. त्याला हे पटायला वेळ लागला. तसा तो सगळ्यांनाच लागतो.

मग तिच्याशी एकटीशी बोलले. "बरं वाटतं त्या दिवशी राहिलेलं सगळं उरकून घेते. उद्याचा काय भरवसा? आणि लोकांना दिसू दे तरी, मी आळशी नाही ते." खरी गाठ इथे होती. एका बऱ्या दिवसात ती आठवड्याची कामं कोंबायची आणि पुढचे दिवस अंथरुणात काढायची. वर नवऱ्याचा संशय पक्का व्हायचा, तो वेगळाच.

आणखी एक गोष्ट तिने दबक्या आवाजात सांगितली. बरं वाटलं की ती मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी बंद करायची. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजही नाही, आणि वाटेल तेव्हा बंदही नाही. औषध हा माझा प्रांत नव्हे. मी तिला डॉक्टरांना हे स्पष्ट सांगायला लावलं. घरीही कुणाला ठाऊक नव्हतं.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. दुखायची वाट न बघता घड्याळ लावून काम थांबवायचं, बऱ्या दिवशीसुद्धा. हे तिला फार जड गेलं. हात चालत असताना उठायचं म्हणजे तिला कामचुकारपणा वाटायचा. आदोळीवर बसून नारळ खवायचं काम नवऱ्याकडे गेलं. सकाळी "बरं आहे का?" असं विचारण्यापेक्षा "आज काय जमेल?" असं विचारायचं, हेही त्याने कबूल केलं. कधी विसरतो.

यंदा नेवऱ्या महिला मंडळाकडून आणल्या. "घरची चवथ आणि विकतच्या नेवऱ्या?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना एकदा घेऊन या, असं मी सांगितलंय. अजून त्या आलेल्या नाहीत.