एका दिवसात चार ठिकाणं? माझं मत: एकच गेघार्ड, पण नीट

तुम्ही विचारलंय की आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये चार दिवस आहात, सोबत सत्तरीतल्या आई आहेत, आणि टॅक्सीवाला एका दिवसात गार्नीचं प्राचीन देऊळ आणि गेघार्ड, खोर विराप, नोरावांक हे तीन मठ दाखवतो म्हणतोय. आतून सगळी चर्च सारखीच असतात, मग जमवावं का?

नका जमवू. त्या दिवशी फक्त गार्नी आणि गेघार्ड ठेवा, आणि त्यातला जास्त वेळ गेघार्डला द्या. पहिल्यांदा मी एका ग्रुपबरोबर गेले तेव्हा आम्हाला तिथे चाळीस मिनिटं मिळाली होती. मुख्य चर्च पाहिलं, फोटो काढले, दारात मिळणारा गाता नावाचा गोड पाव खाल्ला आणि बसमध्ये बसलो. वर आणखी एक दालन आहे हे घरी आल्यावर कळलं, आणि ते इतकं लागलं की दोन वर्षांनी पुन्हा गेले. तेव्हा तीन तास थांबले.

बाहेरून दिसतं ते १२१५ सालचं मुख्य चर्च, त्याला लागून गावित. गावित म्हणजे आपल्या सभामंडपासारखी जागा: लोक जमायचे, शिकवणं चालायचं, दफनही व्हायचं. इथपर्यंत सगळं बांधीव आहे. खरं गेघार्ड गावितच्या उत्तरेकडच्या दारांपलीकडे सुरू होतं, कारण तिथून पुढे डोंगर आहे आणि खोल्या त्याच्या पोटात कोरलेल्या आहेत. पहिली १२४० च्या सुमाराची, गाल्द्झाक नावाच्या वास्तुकाराची. दुसरीकडे प्रोश्यान या सरदार घराण्याची दफनभूमी आणि तिला लागून १२८३ चं चर्च. दफनभूमीच्या भिंतीवर त्या घराण्याचं चिन्ह आहे: साखळीने जखडलेले दोन सिंह, आणि खाली पंज्यात कोकरू धरलेला गरुड.

आता एक गोष्ट मुद्दाम करा. आत मध्यभागी उभं राहून वर बघा. घुमटाच्या टोकाला एक भोक आहे, उजेड तेवढ्यातूनच येतो. कारागिरांनी काम तिथूनच सुरू केलं आणि खोदत खाली आले. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला वरून खाली कोरणं नवीन नाही. पण कैलासाला आकाश मोकळं होतं, बाहेरून आकार दिसत होता. इथे बाहेरचा आकारच नाही. खांब, कमानी, घुमट, सगळं अंधारात, आतल्या आत, बांधीव चर्चसारखं दिसेल असं कोरलंय. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. चूक झाली तर दगड परत लावता येत नाही. मी तिथे उभी राहून रडले होते, हे सांगायला मला काही वाटत नाही.

गाल्द्झाकच्या खोलीत खडकातून झरा येतो. लोक ते पाणी तोंडाला लावतात, भरून नेतात. मूळ नाव आयरिवांक, म्हणजे गुहेतला मठ. गेघार्ड म्हणजे भाला: येशूच्या कुशीत खुपसलेला भाला इथे जपला होता अशी श्रद्धा आहे. तो आता एचमियाद्झिनच्या, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाच्या, संग्रहात आहे.

पायाखाली कबरीचे दगड येतील, विशेषतः देशाच्या उत्तरेला हाघपात किंवा सानाहिन या मठांत गेलात तर. आपला पाय अडखळतो, पण ओलांडायला जागाच नसते. तिथे सांगतात की नम्रता म्हणून लोकांच्या पायाखाली पुरून घ्यायची रीत होती. मला थेट पंढरपूरची नामदेवाची पायरी आठवली आणि मन शांत झालं.

चपला काढायच्या नाहीत, खांदे झाकलेले असावेत. बारीक मेणबत्त्या आतच मिळतात. निघताना लोक वेदीकडे पाठ न करता मागे सरकत बाहेर पडतात, तुम्हीही तसंच करा. शनिवार-रविवारी बाप्तिस्मे, लग्नं, आणि मताघसाठी, म्हणजे नवसाच्या बळीसाठी, आणलेली कोकरं असतात. आईंना ते बघवणार नसेल तर मधल्या वारी सकाळी लवकर जा. मार्श्रुत्का, म्हणजे तिथली शेअर मिनीबस, गेघार्डपर्यंत जात नाही, त्यामुळे आई असताना येरेवानहूनच टॅक्सी बरी.

वरचं दालन १२८८ चं, कबरींचंच, प्रोश्यान घराण्यातल्या पापाक आणि रुझुकान यांच्या नावाने ओळखलं जाणारं. बाहेरच्या पायऱ्या चढून, खडकातल्या बोळातून जावं लागतं. तिथे हळू आवाजात एक सूर लावा. तो तुमचा राहत नाही, भिंतीच गायला लागतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर चढवू नका. घडीचं स्टूल न्या आणि त्यांना खालीच बसवा. वरच्या दालनाच्या कोपऱ्यात जमिनीला एक भोक आहे, त्यातून खालचं दालन दिसतं. वर गेलात की आधी तिथून त्यांना हाक मारा.