दप्तराच्या आतल्या कप्प्यातला फोन

ताई,
माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. शाळा सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्याच्या पोटात दुखतं. गणवेश घालेपर्यंत ठीक असतो, बूट चढवायला बसला की कळवळतो. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, डॉक्टर म्हणतात काही नाही. रात्री झोपताना तेच तेच विचारतो. उद्या बाई मलाच उभं करतील का, तू घ्यायला येशील ना, वाटेत तुला काही होणार नाही ना. मी सांगून सांगून थकते, काही होणार नाही रे बाळा. वर्गशिक्षिका कडक आहेत. मी भेटले तर म्हणाल्या, ‘दुसऱ्या तासापर्यंत तो छान रमतो, तुम्हीच फार काळजी करता.’ त्याचे बाबा ‘नाटकं पुरे’ म्हणून ओरडतात, त्यावरून आमची भांडणं होतात. मी आपली जमेल ते करते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात रुमालात गुंडाळून एक साधा फोन ठेवून दिलाय, शाळेत चालत नाही, ह्यांनाही सांगितलेलं नाही, पण अगदीच वाटलं तर बाथरूममध्ये जाऊन माझ्याशी दोन शब्द बोलतो, तेवढंच त्याला बरं वाटतं. ज्या दिवशी फोन येत नाही त्या दिवशी मलाच काम सुचत नाही. श्वासाचे व्यायाम करून घेतले, गोष्टींची पुस्तकं आणली, शाळा बदलायचाही विचार केला. बाईंना आणि बाबांना कसं समजावू, की हे मूल खरंच घाबरतंय?
– एक आई

बाई आणि बाबा थोडा वेळ बाजूला राहू देत. आधी तो रुमाल सोडू या.

एवढ्या पत्रात त्या फोनला तुम्ही जेमतेम दोन ओळी दिल्यात, त्याही जाता जाता. मी तिथेच अडकले. बाकीचं सगळं पत्र मुलाला काय होतं हे सांगतं. त्या दोन ओळी सांगतात, की तो रोज काय शिकतोय.

जरा त्याच्या बाकावर बसून बघा. बाई आपल्यालाच उभं करतील या धास्तीने ज्याची झोप उडते, त्या मुलाच्या दप्तरात अशी वस्तू आहे की ती सापडली तर बाई त्याला खरोखरच उभं करतील. अचानक दप्तरं तपासली तर? शेजारच्याने पेन्सिल शोधायला कप्प्यात हात घातला तर? बाथरूममध्ये बोलताना कुणी ऐकलं तर? आणि घरी आल्यावर बाबांसमोर चुकून तोंडातून निघून गेलं तर? शाळेत बाईंपासून लपवायचं, घरी बाबांपासून, आणि दोन्हीकडे चेहरा साधा ठेवायचा. मोठ्या माणसालाही हे झेपत नाही. पोट त्या फोनमुळेच दुखतं असं मी म्हणत नाही, दुखणं बहुधा त्याच्या आधीपासूनचं असेल. पण त्याच्या मनातल्या भीतींमध्ये तुम्ही एका खऱ्या भीतीची भर घातलीत, आणि ती मुकाट वाहायला सांगितलीत. हे मला अजिबात पटलेलं नाही, आणि ते तुम्हाला स्पष्ट सांगितलं पाहिजे.

मुलं आपल्या बोलण्यापेक्षा आपल्या हालचाली बारकाईने वाचतात. तुम्ही रात्री दहादा ‘काही होणार नाही’ म्हणता आणि सकाळी नियम मोडून, नवऱ्यापासून लपवून, त्याच्या दप्तरात फोन सरकवता. यातलं त्याने कशावर विश्वास ठेवायचा? काही होणारच नसेल तर आईने एवढी तयारी कशाला केली असती, असंच कुठलंही शहाणं मूल समजेल. आणि तुमचा मुलगा शहाणा आहे.

आता बाईंचं ते वाक्य. दुसऱ्या तासापर्यंत तो छान रमतो. तुम्हाला ते टोमण्यासारखं लागलं. ‘तुम्हीच फार काळजी करता’ हे शेपूट त्याला नसतं तर तुम्ही कदाचित नीट ऐकलं असतं, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे. भीती चढते, टोकाला जाते आणि मग ओसरते. तिला ओसरवण्यासाठी दर वेळी काही करावं लागतंच असं नाही, शरीर तेवढ्या ताणात फार वेळ राहूच शकत नाही. धडधड, घाम, पोटातला पीळ हे सगळं खरं असतं आणि ते उतरतंही. तुमच्या मुलाचं शरीर हे रोज करून दाखवतंय. पण भीती चढत असतानाच त्याने फोन लावला, तुमचा आवाज ऐकला आणि मग बरं वाटलं, तर श्रेय कुणाला जातं? फोनला. आपली आपण भीती ओसरली, हा अनुभव त्याच्या वाट्याला येतच नाही. उलट त्याच्या डोक्यात पक्कं होतं, की आईशी बोललो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी हात आणखी लवकर त्या कप्प्याकडे जातो. श्वासाचे व्यायाम चांगले आहेत, पुस्तकंही चांगलीच असतील. पण फोन हाताशी असेपर्यंत दुसऱ्या कशाला वाव मिळणार नाही.

त्याच्या बाबांना एवढंच सांगा, की हे नाटक नाही. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलीन वाढतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. आतड्यांमध्ये मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. म्हणून भीती पोटात उतरते. सोनोग्राफीत ती दिसत नाही, तरी पोट दुखतं ते दुखतंच.

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी चिंतेने ग्रासलेल्या मुलांसाठी एक उपचारपद्धती तयार केली आहे. तिच्यात उपचार करणारा मुलाला भेटतच नाही, फक्त आईवडिलांना भेटतो. मुलाला भीती वाटू नये म्हणून घरातली माणसं आपलं वागणं कुठे कुठे वाकवतात, कुठली उत्तरं पुन्हा पुन्हा देतात, कुठली कामं त्याच्याऐवजी करतात, हे आईवडिलांकडून शोधून घ्यायचं आणि ते वाकणं हळूहळू थांबवायचं. २०२० साली त्यांच्या गटाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. काही मुलांना स्वतःला समुपदेशन मिळालं, बाकीच्यांच्या फक्त आईवडिलांना. मुलाला न भेटता दिलेला उपचार थेट उपचाराच्या तोडीस तोड ठरला. हे सांगते ते दोष तुमच्या पदरात टाकायला नाही. अशी चिंता मुलाच्या स्वभावातून येते, घराण्यातून येते, कधी कशातून आली ते कळतही नाही. पण तिच्यावर काम करायला तुम्हाला ना बाईंच्या स्वभावाची वाट बघायची आहे, ना नवऱ्याच्या. तुमचं वागणं तुमच्या हातात आहे.

म्हणून तुम्हाला एकच करायला सांगते. या शनिवारी तो फोन दप्तरातून बाहेर काढा, त्याच्यासमोर.

त्याला न सांगता, तो झोपल्यावर अजिबात काढू नका. सोमवारी बाथरूममध्ये त्याचा हात रिकाम्या कप्प्यात गेला तर तो दगा होईल, आणि तुमच्यावरचा विश्वास हा त्याच्याजवळचा सगळ्यात मोठा आधार आहे. आठवड्याला एकच फोन, फक्त मधल्या सुट्टीत, अशी तडजोडही नको. भीतीच्या इतर बाबतींत पायरी पायरीने जाणं मला मान्य आहे, पण लपवाछपवीला पायऱ्या नसतात. शनिवारी दुपारी, घाई नसताना, त्याला जवळ घ्या आणि सरळ सांगा : ‘हा फोन मी ठेवला होता, ते चुकलं. तुला लपवायला लावलं, तेही चुकलं. आता आपण तो काढतोय. तुला भीती वाटेल, मला माहीत आहे. आणि ती वाटली तरी तू निभावशील, याचीही मला खात्री आहे.’ ही शेवटची दोन वाक्यं एकत्रच बोला. नुसतं पहिलं म्हटलंत तर तो आणखी घाबरेल, नुसतं दुसरं म्हटलंत तर त्याला वाटेल आईला कळलंच नाही. रात्रीच्या प्रश्नांनाही हेच उत्तर द्या, एकदा, आणि मग दिवा मालवा. ‘काही होणार नाही’ हे बंद करा. उद्या काय होईल याचं वचन कुणालाच देता येत नाही, हे त्यालाही कळतं, म्हणूनच तो पुन्हा विचारतो.

हे करण्याआधी एक गोष्ट मात्र शोधून काढा. तो नेमका कशाला घाबरतोय? शाळेत कुणी मारत असेल, चिडवत असेल, बाथरूमच्या वाटेवर कुणी अडवत असेल, बाई हात उगारत असतील, तर ही धीर शिकवायची वेळ नाही. मग त्याच दिवशी शाळेत जाऊन ते थांबवायचं. ‘शाळेत काही होत नाही ना?’ असं विचारू नका, त्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर ठेवलेलं आहे. मधल्या सुट्टीत कुठे बसतोस, शेजारी कोण असतं, कुठल्या तासाला सगळ्यात कंटाळा येतो, असं आडवळणाने विचारा, आणि तो बोलेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका.

पहिले काही दिवस वाईट जातील. पोट जास्त दुखेल, तो रडेल, कदाचित तुम्हाला दुष्ट म्हणेल. जे हमखास मिळत होतं ते मिळेनासं झालं की मूल आधी आवाज वाढवून बघतं. याचा अर्थ उपाय फसला असा नाही. त्या दिवसांत माघार घेतलीत तर जास्त रडलं की फोन परत मिळतो, हे तो शिकेल, आणि मग पुढच्या वेळी दुप्पट अवघड होईल. ताप किंवा उलट्या नसतील तर पोट दुखत असतानाही त्याने शाळेत जायचं. घरी ठेवलेला एक दिवस दुसऱ्या दिवसाची सकाळ आणखी जड करतो.

आता बाई. सोमवारी शाळा भरण्याआधी त्यांना गाठा आणि फोनची कबुली द्या. हो, लाज वाटेल. पण त्याशिवाय तुम्ही त्यांच्याकडे काही मागू शकणार नाही, आणि मागायचं तर आहेच. घाबरल्यावर त्याला उघडपणे जाता येईल असं एक माणूस शाळेतच हवं. बाई असोत किंवा दुसरं कुणी. पाच मिनिटं तिथे थांबायचं आणि पुन्हा वर्गात यायचं, घरी नाही. वर्गात त्याला अचानक उभं करण्याऐवजी सुरुवातीला आधी सांगून प्रश्न विचाराल का, एवढं विचारा. ज्या बाईंनी तो दुसऱ्या तासाला रमतो हे टिपून ठेवलंय, त्या तुम्हाला वाटतात तेवढ्या परक्या नसाव्यात.

बाबांना मात्र हे शुक्रवारीच कळलं पाहिजे, मुलाशी बोलण्याच्या आदल्या रात्री. ते चिडतील. चिडू देत. त्यांनी ‘नाटकं’ हा शब्द टाकायचा आणि तुम्ही लपवणं टाकायचं, असा करार करा आणि शनिवारी दोघं मिळून त्याच्याशी बोला. आई मागच्या दाराने सूट देते आणि बाबा पुढच्या दारात ओरडतात, अशा घरात मुलाला दोघांचंही बळ मिळत नाही.

महिना-दोन महिन्यांत काहीच फरक नसेल, शाळा बुडू लागली, खाणं-झोप बिघडली, किंवा जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं तो काही बोलला, तर थांबू नका, मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शेवटच्या लक्षणासाठी तर एक दिवसही नको. अशा मुलांना मदत होते, ही आशेवर ढकलायची गोष्ट नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८८ मुलांवरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, विचार आणि वर्तनावर काम करणारं समुपदेशन आणि औषध दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्के स्पष्टपणे सुधारली. नुसत्या समुपदेशनाने सुमारे ६० टक्के. औषधाच्या नावाने बिचकू नका आणि स्वतःच्या मनाने ते सुरूही करू नका.

राहता राहिलं ते तुमचं वाक्य, फोन आला नाही की मला काम सुचत नाही. हे वाचून माझा सगळा राग गेला. तो फोन जितका त्याच्यासाठी आहे तितकाच तुमच्यासाठी आहे, हे तुम्हाला आतून माहीत आहे, नाहीतर तुम्ही ते लिहिलंच नसतं. किती महिने तुम्ही एका हातात काम आणि एका हातात फोन धरून बसला आहात, आणि त्यात कुणी तुमची विचारपूस केलेली दिसत नाही. त्याच्याइतकंच हे तुम्हालाही कठीण जाणार आहे. सोमवारी अकरा वाजता घालमेल सुरू होईल. शाळेत फोन करून ‘तो ठीक आहे ना’ विचारावंसं वाटेल. करू नका, तोही तोच फोन आहे, फक्त दुसऱ्या टोकाने लावलेला. उठा, चार पावलं चाला, एखाद्या मैत्रिणीला सांगा की आज माझा जीव टांगणीला लागलाय. शाळेकडे तुमचा नंबर आहे. खरंच गरज लागली तर त्या फोन करतील. आणि संध्याकाळी तो दारात आला, की पहिला प्रश्न पोटाचा विचारू नका. दिवसभरात काय काय झालं ते विचारा, आणि पोटाचं त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.