इस्लाममध्ये तावीज बांधणं चालतं का? आधीच बांधलेला असेल तर काढून त्याचं काय करावं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'मुलगा झोपेत दचकतो म्हणून सासूबाईंनी त्याच्या दंडाला तावीज बांधलाय, काढला तर त्या दुखावतील.' त्या एका ओळीसाठी लिहायला बसलो. एरवी शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला मानणं) आणि बिदअत (धर्मात नवी भर) यांच्या वादात मी पडत नाही, त्यासाठी हौशी लोक भरपूर आहेत.

माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षी आकड्या यायला लागल्या. डॉक्टरांनी मिरगी सांगितली, गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा. पूर्वी पाढे घडाघडा म्हणणारा पोरगा आता सातच्या पाढ्यात अडकायला लागला, आणि अम्मीच्या ते जिवाला लागलं. मग कुणीतरी एका आमिलचं, म्हणजे तावीज-मंतर करणाऱ्याचं, नाव काढलं. त्याने भावाचं नाव विचारलं, अम्मीचं विचारलं, बापाचं नाही. अक्षरांचे आकडे मांडले आणि निदान केलं की मुलावर जिनचा साया आहे. एक तावीज गळ्यात, एक उशीखाली, एक पाण्यात विरघळवून प्यायला. वर अट अशी की गोळ्या बंद करायच्या, दोन इलाज एकमेकांना कापतात म्हणे.

अब्बांना पटलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "पढायचंच असेल तर मी पढतो की." पण आपा, म्हणजे माझी मोठी बहीण, अम्मीच्या बाजूने उभी राहिली आणि अब्बा गप्प बसले. मी सतरा वर्षांचा होतो, मला सगळं कळत होतं, आणि मीही गप्प बसलो. गोळ्या कपाटात गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात रात्री आकडी आली आणि थांबेचना. मिरगीच्या गोळ्या अचानक सोडल्या की हेच होतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात सलाईन लावताना नर्सने गळ्यातला दोरा कापला आणि तावीज माझ्या हातावर ठेवला. बाहेरच्या बाकावर बसून मी तो उघडला. काळा दोरा, त्याखाली मेणकापड, त्यात करंगळीच्या पेराएवढी तांब्याची नळी आणि नळीत घट्ट गुंडाळलेला कागद. झेरॉक्स! हाताने लिहिलेलासुद्धा नाही. नऊ घरांचा चौकोन होता, आडवी-उभी-तिरकी कशीही बेरीज करा, १५. कोपऱ्यांत २, ४, ६, ८. अबजदच्या, म्हणजे प्रत्येक अरबी अक्षराला एक आकडा देणाऱ्या, हिशेबाने त्यांची अक्षरं होतात बे, दाल, वाव, हे. त्यालाच 'बुदूह' म्हणतात आणि शेकडो वर्षं तो असाच उतरवला जातोय. कुरआनची एक आयत नाही. खाली अरबी ओळ होती, 'फुलान इब्न फुलाना'. म्हणजे अमुक, अमकीचा मुलगा. नाव भरायचंच राहिलं होतं.

आत गेलो तर अब्बा भावाच्या कपाळावर हात ठेवून फातिहा (कुरआनची पहिली सूरह) पढत होते, मग 'अझहिबिल बास, रब्बन्नास', हे लोकांच्या रब्बा, त्रास दूर कर. भावाच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्या बाजूला अब्बा. दोन इलाज एकमेकांना कापताना काही दिसले नाहीत.

रुकया, म्हणजे आजाऱ्यावर पढणं, म्हणतात तो हाच. बुखारी या हदीससंग्रहात अबू सईद खुदरींची हदीस (पैगंबरांविषयीची नोंद) आहे. प्रवासातल्या सहाबांना (पैगंबरांच्या साथीदारांना) एका टोळीने पाहुणचार नाकारला, मग त्याच टोळीच्या सरदाराला विंचू चावला. एका सहाबीने फातिहा पढून दम केला, म्हणजे फुंकर घातली, तो बरा झाला, बदल्यात बकऱ्या मिळाल्या. पैगंबरांनी (स.) ते मान्य केलं, वर म्हणाले, माझाही वाटा काढा. 'मुस्लिम' या दुसऱ्या हदीससंग्रहात तर नियमच दिलाय की शिर्क नसेल तोवर रुकयात हरकत नाही. बुखारीचे भाष्यकार इब्न हजर यांनी तीन अटी सांगितल्यात: शब्द अल्लाहचे किंवा त्याच्या नावांचे असावेत, भाषा समजणारी असावी, आणि गुण शब्दांत नाही, अल्लाहच्या मर्जीत आहे हे मनात पक्कं असावं. आमच्या नळीतला कागद तिन्हींत नापास.

आणि मिरगीचंच म्हणाल तर बुखारी-मुस्लिममध्ये एका काळ्या स्त्रीची हदीस आहे. तिला आकड्या येत, अंगावरचं वस्त्र सरके. पैगंबर म्हणाले, सब्र कर, जन्नत मिळेल. हवं तर बरं होण्यासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला, फक्त अंग उघडं पडू नये एवढी दुआ मागितली. त्यात ना धागा आहे, ना आईचं नाव.

आपाशी माझा वाद तेव्हापासून चालू आहे. भाऊ पुन्हा गोळ्यांवर गेला, डोस बदलला, पेंग कमी झाली. चार वर्षांत एकही आकडी नाही. आपा म्हणते, "उशीखालचा तावीज कुठे कुणी काढला होता!" तिला मी सहाबी इब्न मसऊदांची गोष्ट सांगतो. त्यांनी बायकोच्या, झैनबच्या, गळ्यातला मंतरलेला धागा तोडला. ती म्हणाली, माझा डोळा फडफडायचा, अमक्याने मंतरला की शांत व्हायचा. म्हणजे 'पण मला फरक पडतो' हा मुद्दा चौदाशे वर्षं जुना आहे. ते म्हणाले, ते शैतानाचं काम. तुला पैगंबरांची दुआ पुरेशी होती. दुआ कोणती? तीच, अझहिबिल बास.

आपाकडेही हदीस आहे. सहाबी अब्दुल्लाह बिन अम्र मोठ्या मुलांना दुआ पाठ करून घेत आणि न कळत्या मुलांच्या गळ्यात लिहून बांधत, अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. तिच्या सनदीवर (कुणी कुणाकडून ऐकलं त्या साखळीवर) हदीसच्या अभ्यासकांचं एकमत नाही, पण ते सोडा. ती दुआ होती, आकड्यांचा चौकोन नव्हता, आणि मुलांची औषधं बंद करा असं त्यात कुठेही नाही.

बरं, तुमचा प्रश्न. निव्वळ कुरआन किंवा मसनून (पैगंबरांनी शिकवलेली) दुआ असलेल्या तावीजबद्दल उलेमांत (धर्मपंडितांत) मतभेद आहेत. काही अटींसह परवानगी देतात, काही तोही नको म्हणतात, कारण त्यातून नळीच्या तावीजची वाट उघडते. मी दुसऱ्या बाजूचा, पण मी आलिम (धर्मपंडित) नाही. आकडे, चौकोन, अनोळखी नावं असतील तर कुणालाच विचारायची गरज नाही. आईचं नाव विचारणारा, बकरा मागणारा, औषध सोडा म्हणणारा, तिघांकडूनही उठून या. आयत असेल तर कागद स्वच्छ जागी पुरून टाका किंवा जाळा; तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी प्रमाण मुसहफ (कुरआनची लिखित प्रत) तयार झाल्यावर बाकीच्या प्रती जाळल्याच होत्या.

सासूबाईंशी भांडू नका. माझी अम्मी काही मूर्ख नव्हती, घाबरलेली होती. रोज झोपताना मुलावर पढायचं काम त्यांनाच द्या. पैगंबर आपल्या नातवांवर, हसन-हुसैनवर, पढत, 'उईझुकुमा बि कलिमातिल्लाहित्ताम्मह', अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांनी तुम्हा दोघांसाठी पनाह (आसरा) मागतो; इब्राहीम इस्माईल आणि इस्हाकवर याच शब्दांनी पनाह मागत, असं त्यांनी सांगितलंय. शैतान, विषारी किडा, नजर, तिन्ही त्यात येतं. मुलं झोपेत दचकतात ते बहुतेक वाढत्या वयात थांबतं, पण हातपाय आखडत असतील, तोंडाला फेस येत असेल तर आधी डॉक्टर.

ती नळी अजून माझ्याकडे आहे. मागे आपाला कागद उघडून दाखवला, म्हटलं, बघ, नाव लिहिलेलंच नाही. तिने चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू उघडलास ना, म्हणून उडालं."