३बी१ सतत कोसळतंय? मदरबोर्ड बदलायच्या आधी लॉग वाचा

तुमच्या काकांचं एटी अँड टीचं युनिक्स पीसी, ३बी१ (८०च्या दशकातलं युनिक्सवर चालणारं टेबलावरचं कॉम्प्युटर), चालू होतं, लॉगिन होतं, एकदोन विंडोपर्यंत नीट असतं आणि मग कधीही पॅनिक होतं (म्हणजे आख्खी सिस्टीमच थांबते), एफएससीके (fsck, डिस्कवरच्या फाइलींची रचना तपासणारी आज्ञा) मात्र स्वच्छ येतं आणि दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचलं आणि राहवलं नाही. अगदी हाच त्रास मी न्यूजर्सीत असताना भोगलाय, ८०च्या दशकाच्या शेवटी ही मशिनं स्वस्तात निघाली होती तेव्हा घरी आणलेल्या ३बी१ वर. केबल, सिंगल यूजर मोड, बॅकअप वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

माझं मत सरळ आहे, एफएससीके स्वच्छ आलं म्हणजे डिस्क चांगली असं अजिबात नाही. एफएससीके फक्त फाइलसिस्टीम बघतं. या मशिनवर स्वॅपचं (मेमरी कमी पडली की तिच्यातला मजकूर तात्पुरता ठेवायच्या जागेचं) पार्टिशन वेगळं असतं, तिकडे ते ढुंकूनही बघत नाही. आणि ३बी१ मध्ये ६८०१० प्रोसेसर, १० मेगाहर्ट्झचा, डिमांड पेजिंग (मेमरीची पानं लागतील तेव्हाच डिस्कवरून आणणं) करणारा, मेमरी जेमतेम एकदोन एमबी. म्हणजे एक विंडो असताना सगळं मेमरीत मावतं, चारपाच उघडल्या की पानं स्वॅपमध्ये जायला लागतात, आणि तिथला एखादा सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) खराब असेल तर पान परत वाचताना कधी नुसता प्रोग्रॅम मरतो, कधी आख्खा कर्नल (सिस्टीमचा गाभा) जातो. म्हणून ते लहरी वाटतं. तुम्हीच लिहिलंय की विंडो वाढल्या की होतं, माझा संशय तिथेच पक्का झाला.

आता लॉग, म्हणजे मशीन स्वतःच्या चुका नोंदवतं ती फाइल. यूएसआर खाली एडीएम डिरेक्टरीत युनिक्स.लॉग नावाची फाइल आहे (/usr/adm/unix.log), त्यात एचडीईआरआर (HDERR, हार्ड डिस्कची एरर) ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. त्या ओळीत एसटी (ST), ईएफ (EF), सीएच (CH), सीएल (CL), एसडीएच (SDH) अशा नावांपुढे आकडे असतात. एसटी ५१ म्हणजे ड्राइव्ह तयार आहे पण एरर आली. ईएफ महत्त्वाचं: ४० असेल तर डेटाचा सीआरसी (बरोबर वाचलं का ते पडताळायचा आकडा) जुळला नाही, १० असेल तर सेक्टरचा आयडीच सापडला नाही. मग सीएच आणि सीएल जोडून सिलिंडर, म्हणजे डिस्कवरच्या वर्तुळाकार पट्ट्याचा नंबर. हे सगळं हेक्समध्ये (१६ च्या पटीतल्या आकड्यांत) असतं आणि आकड्यांच्या आधी बऱ्याचदा एफएफ दिसतं, ते सोडून द्या, शेवटचे दोन आकडे घ्या. सीएच ०१, सीएल ७९ असेल तर २५६ अधिक १२१, सिलिंडर ३७७. एसडीएच २४ मधला शेवटचा ४ म्हणजे हेड (डिस्क वाचणारी सुई) नंबर ४. त्याच त्याच सिलिंडर-हेडच्या ओळी परत येत असतील तर तो डिस्कवरचा डाग (खराब जागा) आहे, बोर्ड नव्हे. सिलिंडर दरवेळी वेगळाच, कुठलाही, असेल तर मात्र रिबन केबल, कंट्रोलर, पॉवर सप्लाय यांच्याकडे वळा. आणि एचडीईआरआर एकही नाही, नुसता पॅरिटी एररचा (मेमरीतली चूक पकडणाऱ्या तपासणीचा) पॅनिक, तर मागच्या स्लॉटमधली मेमरीची कार्डं काढून, कॉन्टॅक्ट पुसून परत बसवा, मग बोला.

घड्याळाची बॅटरी इतक्या वर्षांनी मेलेलीच असणार, त्यामुळे लॉगमधल्या तारखांवर विसंबू नका, ओळींचा क्रम बघा.

आता जे मला सगळ्यात महागात पडलं ते. मी ज्या सर्व्हिस सेंटरला मशीन दिलं (नाव घेत नाही) तिथे लॉगच्या ओळी कागदावर उतरवून नेल्या होत्या. काउंटरवरच्या माणसाने कागद हातातसुद्धा घेतला नाही. त्यांनी प्रोसेसर आणि मेमरीची टेस्ट चालवली, ती पास झाली, म्हणून निष्कर्ष काय तर बोर्ड ‘कधीकधी’ बिघडतो. बोर्ड बदलला, बिल लावलं, पॅनिक चालूच. परत नेलं तर न विचारता डिस्क फॉरमॅट केली. लॉग गेला, फाइल्स गेल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅड ब्लॉकची (टाळायच्या खराब जागांची) यादीही गेली कारण ती डिस्कवरच असते. कारखान्यातून येणाऱ्या दोषांची यादी ड्राइव्हवरच्या स्टिकरवर छापलेली असते, सिलिंडर आणि हेडसकट, फॉरमॅट करताना ती परत टाइप करायची असते, आणि त्यांनी एक ओळ टाइप केली नाही. म्हणजे आधी जे डाग टाळले जात होते ते सुद्धा आता वापरात आले आणि मशीन आधीपेक्षा जास्त कोसळायला लागलं. ६७ एमबीची डिस्क, बॅकअपला दीडशेच्या वर फ्लॉप्या, कोण सगळं ठेवतं हो घरी. त्याचा राग अजून आहे. दुरुस्ती करणाऱ्याने आधी ऐकावं, मग स्क्रू काढावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

तुम्ही काय करावं (मी हार्डवेअर इंजिनिअर नाही, मॉनिटरच्या आत हात घालू नका, तिथे जीवघेणा व्होल्टेज असतो). आधी स्टिकरचा फोटो काढा. मग काहीही लिहिण्याआधी डिस्कची इमेज (जशीच्या तशी पूर्ण प्रत) घ्या, बीगलबोन नावाच्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डावर चालणारा एमएफएम (अशा जुन्या डिस्कांची पद्धत) रीडर-एम्युलेटर मिळतो, तो त्यासाठीच आहे. ती इमेज फ्रीबी नावाच्या ३बी१ एम्युलेटरमध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर ३बी१ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून बघता येते, तिथे भरपूर विंडो उघडूनही पॅनिक नाही आला तर सॉफ्टवेअरवर शंका घेण्यात वेळ घालवू नका. नंतर डायग्नॉस्टिक फ्लॉपीवरून बूट करून डिस्कची सरफेस टेस्ट, आणि सापडलेले ब्लॉक यादीत घाला. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही, कोणी लागतो म्हणाला तर मशीन उचलून घरी या.

जमलं तर एचडीईआरआरच्या शेवटच्या दहाएक ओळी जशाच्या तशा टाका, सिलिंडर मी काढून देतो. आणि ड्राइव्ह बरेच दिवस बंद होता का तेही सांगा, कारण चिकटलेल्या हेडचं प्रकरण वेगळं असतं.