दत्तक घेण्यापूर्वी, कुत्रा बरा होत असताना

प्राण्यांच्या निवाऱ्यातून दत्तक घेण्यासाठी आपण निवडलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला कुत्रा खेळकर आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र तो उड्या मारू लागला म्हणजे पूर्ण बरा झाला, असे मानण्याची चूक अनेक नवे पालक करतात. शस्त्रक्रियेचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढले जातात. तोवर त्याला धावू देऊ नये, अंघोळ घालू नये आणि त्याने जखम चाटू नये म्हणून लावलेली गळ्यातील शंकूसारखी कॉलर, त्याने कितीही केविलवाणे तोंड केले तरी (ते तो करणारच), काढू नये. खेळण्याची हौस लपवलेला खाऊ वासाने शोधण्यासारख्या शांत खेळांतून भागवता येते. घरी आणल्यावर निवाऱ्यातील अन्न एकदम न बदलता सुमारे ७ दिवसांत हळूहळू बदलावे. प्रशिक्षणाची घाई तूर्त नको.